मधली जागा

फोटोत जागा सोडायची हे आईने थोरलीला सांगितलं ते अर्धा डोंगर चढून झाल्यावर. घरी सांगितलं असतं तर थोरलीने चार प्रश्न विचारले असते, त्यातून वाद झाला असता आणि आई रुसून घरीच बसली असती. इथे थोरलीच्या पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी होती, खांद्यावर स्टँड होता आणि श्वास तोंडाने चालला होता. वाद घालायला दम लागतो, आणि तो तिच्याकडे उरला नव्हता. माणसाला कुठे गाठावं हे आईला नेहमीच बरोबर कळायचं.

"सगळ्यांचा एकत्र फोटो घेशील ना, तेव्हा छबीच्या बाजूला एका माणसाची जागा सोड," आई म्हणाली. येताना दूध घेऊन ये म्हणावं इतक्या सहज.

"कुणाची जागा?"

"कुणाची म्हणजे? तिच्या बापाची."

थोरलीने स्टँड जमिनीवर टेकवला. पुढे पायवाटेवर तिचे वडील अण्णा काठी टेकत सावकाश चढत होते. त्यांच्याही पुढे, पार वळणावर, पूलवाला छबीला खांद्यावर घेऊन चालला होता, आणि छबी लगाम धरावा तसे त्याचे केस धरून बसली होती. धाकटा गेला तेव्हा ही पोर रांगायलाही लागली नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात घरातला तरणा मुलगा नाहीसा झाला. आज त्याची बायको पापणी डोंगरमाथ्यावर दुसरं लग्न करत होती, आणि फोटो काढायला तिने धाकट्याच्या सख्ख्या बहिणीलाच बोलावलं होतं.

"आई, त्यांचं लग्न आहे आज."

"मी नाही म्हणाले का? आले ना? गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, आले. उद्या ते दोघं छबीला घेऊन त्या पुलाच्या गावी जातील. पोर मोठी होईल, हा फोटो बघेल. त्यात आई असेल, ते असतील, तू-मी असू. बापच नसेल. मग ती कुणाला बाप समजेल?"

"ते" म्हणजे पूलवाला, आजचा नवरदेव. त्याच्याशी आई आजवर एकदाही थेट बोलली नव्हती. तो समोर बसलेला असला तरी "त्यांना चहा हवाय का विचार" असं ती थोरलीला सांगायची, आणि तो बिचारा "हवाय" असं थोरलीला उत्तर द्यायचा.

"जागा सोडीन," थोरली म्हणाली. "पण त्या जागेत बसवायला चेहरा कुठून आणणार?"

"ते अण्णा बघतील," म्हणत आई पुढे निघाली.

चेहऱ्याचा प्रश्न थोरलीने उगाच काढला नव्हता. आजोबांनी स्टुडिओ थाटला तेव्हापासून गेलेल्या माणसाला फोटोत बसवून देण्यात या घराचा हातखंडा होता. लोक आजीचा, वडिलांचा जुना फोटो घेऊन यायचे. अण्णा तो बारीक कात्रीने कापायचे, नव्या फोटोत मुद्दाम सोडलेल्या जागी चिकटवायचे आणि कडा ब्रशने अशा मिसळायचे की गेलेला माणूस आत्ताच जेवून उठून आल्यासारखा वाटायचा. या स्टुडिओत मेलेली माणसंसुद्धा वेळेवर हजर होतात, अशी थट्टा गावात चालायची. आता तेच काम थोरली कॉम्प्युटरवर करायची. आणि असं असूनही धाकटा गेला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याच मुलाचा धड फोटो आपल्याकडे नाही. लहानपणीचे ढीगभर होते. मोठा झाल्यावर तो सदा कॅमेऱ्याच्या मागे. लग्नातले होते, पण त्यांत तो नवरदेवाच्या कपड्यांत अवघडून उभा. "घरच्या फोटोत लग्नातला नवरदेव कापून बसवू?" अण्णा एकदा म्हणाले होते. "लोकांचं सोड, आपल्यालाच हसू येईल." आणि मग कुणीच हसलं नव्हतं.

बाप झाल्यानंतरचा त्याचा एकच फोटो होता. स्टुडिओतल्या आरशासमोर उभं राहून त्याने तो स्वतःच काढलेला. एका हातावर तान्ही छबी, दुसऱ्या हाताने डोळ्याला लावलेला कॅमेरा. छबी स्वच्छ दिसत होती. त्याच्या चेहऱ्याच्या जागी कॅमेरा होता, आणि खाली हनुवटी तेवढी.

आईने तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता, छबीचा हात पोचेल इतका खाली. रोज संध्याकाळी ती नातीला त्याच्यासमोर उभं करायची. "कोण हे?" विचारलं की छबी "बाबा" म्हणायची आणि काचेवर बोट टेकवायची. आईच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरता उजेड यायचा. ते बोट नेमकं कुठे टेकतं, हे मात्र घरात कुणीच नीट पाहिलं नव्हतं.

डोंगर निवडला तो पापणीने. तिच्या माहेरच्यांनी येणार नाही असं तोंडावर सांगितलं होतं. सासरच्या दारात दुसरं लग्न लावायला तिचं मन घेईना. आणि पूलवाल्याला आपलं म्हणावं असं घरच नव्हतं. जिथे ओढ्यावर पायपूल बांधायचा तिथे त्याची भाड्याची खोली. तेव्हा कुणाच्याच दारात नको म्हणून डोंगरावर. माथ्यावर थोडी सपाटी, वाटसरूंना टेकायला पत्र्याची शेड, एक लाकडी बाक आणि चारही बाजूंना उतार. एवढंच होतं.

"आपल्या पडद्यावरचा डोंगर यापेक्षा बरा," अण्णा बाकावर बसत म्हणाले. स्टुडिओतला तो पडदा आजोबांनी रंगवला होता, आणि निम्म्या गावाची लग्नं त्याच्यासमोर उभी राहून गेली होती. "तिथला उजेड आपल्या हातात होता. इथला सूर्य कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"ढग आहेत, अण्णा. बरंच आहे. डोळ्यांखाली सावल्या पडणार नाहीत."

"सावल्या घरून घेऊनच आलेत सगळे." अण्णांनी तिच्या पिशवीकडे पाहिलं. "कॅमेरा कुठला आणलास?"

थोरलीने पिशवीची चेन उघडली. स्टुडिओतला तिचा कॅमेरा जड होता, जाड स्टँडला जखडलेला. तो कधी दाराबाहेर गेला नव्हता. डोंगरावर नेण्याजोगा एकच होता, धाकट्याचा. तो गेल्यापासून कपाटात पडून होता. आज सकाळी तिने तो काढला, बॅटरी भरली आणि कुणाला न दाखवता पिशवीत टाकला. गळ्यात अडकवायचा लाल पट्टा घासून घासून गुलाबी झाला होता. अण्णांनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"चालतो?"

"चालतो."

"मग चालव," अण्णा म्हणाले.

शेडमध्ये पापणी केस विंचरत होती. कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर पूलवाल्याची मावशी बसली होती, जिने त्याला लहानाचं मोठं केलं ती, आणि चढणीने दमलेली छबी तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. पापणी हे नाव धाकट्याने पाडलेलं. ती पहिल्यांदा स्टुडिओत आली ती ओळखपत्राच्या फोटोसाठी, आणि प्रत्येक फोटोत तिचे डोळे मिटलेले. पुन्हा या, पुन्हा या करत धाकट्याने तिच्याशी लग्नच ठरवलं, आणि ओळखपत्राचा फोटो शेवटी दुसरीकडून काढावा लागला, असं घरात हसून सांगत असत.

"ताई, खरं सांगा," पापणी हळू आवाजात म्हणाली. "आई का आल्या?"

"छबीसाठी."

"एवढंच?"

थोरलीने फडकं काढून लेन्स पुसायला घेतली. तिला खोटं बोलता येत नसे, म्हणून अशा वेळी ती काहीतरी पुसायला घ्यायची.

"जागा सोडायला सांगितलीय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मीपण त्याच घरात राहिलेय. परवा आई अण्णांना विचारत होत्या, हनुवटीवरून बाकीचा चेहरा तयार करता येतो का. मी दाराबाहेर उभी होते. मला हसावं की रडावं कळेना."

"अण्णा काय म्हणाले?"

"काही नाही. चष्मा काढून बसून राहिले." पापणीने फणी खाली ठेवली. "मी छबीच्या बाबांना विसरलेले नाही, ताई. विसरता आलं असतं तर सोपं होतं. पण मला एक फोटो असा द्या, ज्यात मी कुणाची विधवा नाही. एकच. बाकीच्यांत तुम्हाला काय बसवायचं ते बसवा."

"बरं," थोरली म्हणाली.

म्हणाली खरी, पण बाहेर येताच तिला कळलं की आपण दोघींनाही शब्द देऊन बसलो आहोत. एकत्र फोटो एकच निघणार होता, आणि एका फोटोत दोन्ही मावत नव्हतं. जागा सोडली तर पापणी तिच्या स्वतःच्या लग्नात विधवाच राहणार. नाही सोडली तर छबी उद्या बापाशिवाय दूर जाणार, आणि ते आत्याच्या हातून झालेलं असणार. धाकटा आईचा एकटीचा नव्हता. पहिल्यांदा त्याच्या हातात कॅमेरा दिला तो थोरलीने, श्वास रोखून बटण कसं दाबायचं ते शिकवलं थोरलीने. सकाळी तो कॅमेरा तिने दोनदा कपाटातून काढून दोनदा परत ठेवला होता, आणि ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

"ताई, मी कुठे उभा राहू?" पूलवाला समोर येऊन विचारत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात दोन्ही बाजूंना सरळ. "आणि हात कुठे ठेवू?"

"एरवी कुठे ठेवता?"

"एरवी हातात काहीतरी असतंच. पाना, नाहीतर दोर."

"आज बायकोचा हात आहे. तो धरा."

तो लाजून हसला आणि पुन्हा खांबासारखा ताठ झाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "काकू माझ्याशी बोलत नाहीत."

"आमच्याशी बोलतात. त्याचा तरी काय उपयोग होतो?"

"नाही, मी तक्रार करत नाही. फक्त त्यांना एक सांगायचं होतं. छबीने मला काय म्हणावं ते मी ठरवलेलं नाही. ती मला 'ए' म्हणते. मला चालतं."

थोरलीला त्या क्षणी हा माणूस फार आवडला, आणि आवडला म्हणून वाईट वाटलं.

लग्न म्हणजे तसं पाहिलं तर सहीचं काम. नोंदणी अधिकारी बाई धापा टाकत वर आल्या, अण्णांना बाकाच्या एका टोकाला सरकवून त्यांनी रजिस्टर उघडलं. वाऱ्याने पानं उडायला लागली तेव्हा अण्णांनी त्यांच्यावर आपली काठी आडवी ठेवली. बाईंनी चार ओळी वाचल्या. पूलवाला "हो" म्हणाला ते इतक्या मोठ्याने की दरीतून त्याचा आवाज परत आला आणि मावशी शेडमधून म्हणाली, "ऐकलं रे, ऐकलं." पापणीचं "हो" फक्त त्याला ऐकू गेलं.

थोरली काम करत होती. कॅमेरा डोळ्याला लावला की तिचं मन एका बारीक चौकटीत गोळा व्हायचं आणि बाकीचं जग बाहेर राहायचं, म्हणून तिला हे काम आवडायचं. सहीसाठी वाकलेली मान. पूलवाल्याच्या बोटावरचा जुना व्रण. काठीखाली फडफडणारं पान. मग तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक फोटो उघडून पाहिला. पापणीचे डोळे उघडे होते. पुढच्या फोटोत उघडे, त्याच्या पुढच्यातही उघडे. धाकट्याला हे कधी जमलं नव्हतं. हे त्याला दाखवावं असं तिला इतक्या सहजपणे वाटून गेलं की नंतर ते मागे घेताना तिला खाली बघावं लागलं.

सह्या झाल्या. अधिकारी बाई चहाचा पेला घेऊन बाजूला झाल्या. आई तेवढा वेळ सगळ्यांपासून दूर, उताराकडे तोंड करून उभी होती. तेवढ्यात मावशी छबीला घेऊन शेडच्या दारात आली. "उठली हो तुमची साहेबीण," म्हणत तिने पोरीला गवतावर सोडलं. केस विस्कटलेले, गालावर मावशीच्या बाहीच्या शिवणीचा वळ, अंगठा तोंडात.

तो चेहरा बघून कुठलाही फोटोग्राफर कॅमेरा उचलेल. थोरलीने उचलला.

छबीचा अंगठा तोंडातून बाहेर आला. "बाबा," ती म्हणाली. अगदी साधं, शेजारच्या खोलीत बाबा दिसावा तसं. मग ती धावत सुटली. गवतात एकदा पडली, उठली, आणि येऊन थोरलीच्या गुडघ्यांना मिठी मारून वर बघत हसायला लागली. "बाबा. बाबा आला."

थोरलीने कॅमेरा खाली घेतला.

छबीने आत्याचा चेहरा पाहिला. ती हसायची थांबली. "आत्या नको," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी कॅमेरा पुन्हा वर, थोरलीच्या तोंडावर ढकलायला लागली.

रोज संध्याकाळी ते बोट काचेवर कुठे टेकत होतं, ते थोरलीला आत्ता समजलं. स्टुडिओत छबीने आत्याला त्या भल्या मोठ्या कॅमेऱ्याशेजारी उभं पाहिलं होतं. हा काळा कॅमेरा, हा लाल पट्टा, हे तिने फक्त त्या एका फोटोत पाहिलं होतं. तिच्या लेखी बाबा असाच दिसायचा. तिला कुणी चुकीचं सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून तिला नीट शिकवलं होतं.

आई भरभर जवळ आली. "बघितलंस? ओळखलं तिनं. माझ्या पोरीने बापाला ओळखलं."

"काय ओळखलं, आई?" पापणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण घरात तिने आईशी या आवाजात कधी बोलल्याचं थोरलीला आठवेना. "कॅमेरा ओळखला. माझ्या मुलीला तुम्ही शिकवलंत की तिचा बाप म्हणजे एक काळा डबा."

"मग काय शिकवू? दाखवायला चेहरा ठेवलाय का त्याने?"

"लग्नाचे फोटो होते."

"त्यात बाप कुठाय? त्यात तुझा नवरा आहे. मला तिचा बाप दाखवायचा होता, तिला हातावर घेतलेला."

"आणि म्हणून आज माझ्या लग्नाच्या फोटोत भोक पाडायचं? ताईंना सांगितलंत ना? मला विचारलंत?"

"तुला विचारून तू हो म्हणणार होतीस?"

"म्हणालेही असते, आई. विचारलं असतं तर."

पूलवाला दोन पावलं पुढे आला आणि थांबला. छबी अजून थोरलीच्या गुडघ्यांशी होती, कॅमेऱ्याचा पट्टा ओढत. आईने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्यातली भांडणाची रग एकदम ओसरली. ती गवतातच बसली.

"मलाच आठवत नाही गं," ती म्हणाली.

"काय?"

"त्याचा चेहरा. लहानपणचा आठवतो, दात पडलेला. मोठेपणीचा नाही. डोळे मिटले की मलाही तो कॅमेराच दिसतो, आणि ती हनुवटी. मी त्याची आई आहे. मला वाटलं, अण्णांनी एकदा फोटोत बसवला की मलाही दिसेल."

पापणी तिच्याजवळ जाऊन बसली. तिने हात धरला नाही की काही समजूत घातली नाही. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि दोघीही रडत होत्या, एवढंच. त्यांच्या घरात अशी वेळ धाकटा गेला त्या दिवशीही आली नव्हती. त्या दिवशी प्रत्येकजण आपापल्या खोलीत रडला होता.

अण्णांनी बाकावरून काठी आपटली. "पुरे. उजेड चाललाय. एकत्र फोटो राहिलाय अजून."

"अण्णा, आत्ता नको," थोरली म्हणाली.

"आत्ताच. उद्या ही पोर जाईल. स्टँड लाव आणि तूही फोटोत ये."

"मी आले तर काढणार कोण?"

"तो बटण दाबून पळायचा प्रकार असतो ना, तो कर. कॅमेऱ्यामागे उभा राहणारा कायमचा मागेच राहतो. एकदा बघितलंय ते. पुन्हा नको."

थोरलीने स्टँड लावला. वाऱ्याने हलू नये म्हणून त्याच्या आकड्याला पिशवी लटकवली. मग सगळ्यांना ओळीत उभं केलं. एका टोकाला काठी टेकलेले अण्णा, त्यांच्याशेजारी डोळे पुसून उभी राहिलेली आई, मग पापणी, तिचं बोट धरून छबी. आणि छबीच्या पलीकडे काय करायचं याचा निर्णय तिच्याने होईना. तिने पूलवाल्याकडे नुसतं पाहिलं. तो काही न विचारता ओळीत आला आणि छबीपासून एक माणूस मावेल इतक्या अंतरावर उभा राहिला.

"इतकं पुरे?" त्याने हळूच विचारलं.

त्यालाही ठाऊक होतं तर. थोरलीने मान डोलावली. पापणी समोर बघत होती, आणि तिच्याकडे बघण्याची थोरलीला हिंमत झाली नाही. पूलवाल्याच्या बाजूला मावशी, आणि मावशीनंतर तिची स्वतःची जागा. तिने बटण दाबलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि ती धावत जाऊन उभी राहिली.

सगळ्यांनी समोर पाहिलं. समोर तीन पायांवर तो कॅमेरा एकटाच होता, लाल पट्टा वाऱ्यावर हलत होता.

छबीने पापणीचं बोट सोडलं. हात वर करून तिने त्याला बोलावलं. "बाबा, ये."

खट् आवाज झाला. फोटो निघाला. ओळीतलं कुणीही हललं नाही.

"ये ना," छबी म्हणाली. "ए बाबा, ये ना."

थोरलीला वाटलं, आता आपल्याला इथे उभं राहवणार नाही. पण तिच्या आधी आई ओळीतून बाहेर पडली. दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून तिने छबीचा हात धरला आणि तिला घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे चालू लागली. पापणी तिला थांबवायला पुढे झाली. अण्णांनी काठी आडवी करून तिला अडवलं.

आई स्टँडपाशी पोचली आणि नातीला घेऊन त्याच्या मागे गेली.

"बघ," ती म्हणाली. "आहे का कुणी?"

छबीने पाहिलं. स्टँडच्या पायांमधून पाहिलं. लटकवलेली पिशवी उचलून तिच्याखाली पाहिलं. मग आजीच्या मागे जाऊन पाहिलं. तिकडे नुसता उतार होता.

"बाबा?"

"नाही गं राणी. इथे कुणी नाही." आईचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "हा नुसता कॅमेरा आहे. बाबाचा होता. बाबा आता येणार नाही."

हे वाक्य तिने आजवर कुणाहीपुढे उच्चारलं नव्हतं. छबीला ते किती कळलं कोण जाणे. तिने दोन्ही तळवे उघडून आजीला दाखवले, डबा रिकामा झाला की दाखवायची तसे, आणि म्हणाली, "नाही."

"नाही," आई म्हणाली.

दोघी परत आल्या. आईने छबीला पापणीशेजारी उभं केलं आणि आपल्या जागी जायच्या आधी एकदा संपूर्ण ओळ पाहिली. स्टुडिओवाल्याची बायको होती ती; सगळं आयुष्य तिने माणसांना फोटोसाठी उभं करण्यात घालवलं होतं.

"अहो," ती म्हणाली.

पूलवाल्याने आधी मागे वळून पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की ती आपल्याशीच बोलतेय.

"इतके लांब का उभे राहिलात? जवळ या. मध्ये जागा दिसतेय."

तो एक पाऊल सरकला.

"अजून."

त्याने थोरलीकडे पाहिलं. थोरलीला समोरचं नीट दिसत नव्हतं. तिने नुसता हात केला, सरका म्हणून.

"अजून," आई म्हणाली. "अजून जवळ. तिचं बोट धरा, नाहीतर पुन्हा पळेल ती."